नक्कल आणि नकली

बारा वर्षांपूर्वी तंजावरहून आणलेलं बाळकृष्णाचं चित्र गेल्या पावसाळ्यात ओल येऊन खराब झालं, म्हणून मी ते फ्रेमवाल्याकडे नेलं. लोण्याचा गोळा हातात धरलेला गुटगुटीत कृष्ण, भोवती सोनेरी वर्खाची महिरप, दागिन्यांच्या जागी लाल-हिरवे खडे. आमच्या पुण्याच्या घरात ते देवघराच्या वरच्या भिंतीवर असतं. फ्रेमवाल्याने काच काढली, फुगलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, नखाने तो जरासा उचलला आणि म्हणाला, "ताई, हे छापलेलं आहे."

माझा विश्वास बसेना. त्याने भिंग हातात दिलं. कृष्णाच्या गालावर ब्रशचे फटकारे दिसायला हवे होते. तिथे निळे, गुलाबी, काळे असे बारीक ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे, फक्त त्याहून कितीतरी बारीक. वर्ख मात्र हाताने चढवलेला होता. खडेही हातानेच बसवलेले होते. म्हणजे दागिने खरे आणि कृष्ण छापील. विकताना दुकानदाराने ते संपूर्ण हातकाम असल्याचं सांगितलं होतं आणि किंमतही तशीच लावली होती.

फसवणूक झाली, हे उघड आहे. पण घरी येताना मला छळत होता तो प्रश्न पैशाचा नव्हता. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि बारा वर्षं रोज सकाळी देवपूजा झाली की ती या कृष्णालाही फूल वाहते. तिला हे सांगायचं का? आणि सांगायचं, तर नेमकं काय बदललं म्हणून सांगायचं? काल आणि आज चित्रात काहीच फरक पडलेला नव्हता. तेच डोळे, तेच लोणी. मग माझ्यापासून हिरावून घेतलं गेलं ते काय?

पहिलं उत्तर मनात आलं ते असं, की मूळ चित्र एकमेव असतं आणि छाप कितीही निघतात. पण हे उत्तर तंजावरच्याच चित्रांपुढे टिकत नाही. या शैलीला तमिळमध्ये 'पलगै पडम' म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र. पूर्वी फणसाची फळी वापरत, आता बहुधा प्लायवूड असतं. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचे थर देऊन ते घासून गुळगुळीत करायचं, मग रेखाटन करायचं. दागिने, कमानी आणि वस्त्रांचे काठ यांवर त्याच पुडीचा घट्ट लेप देऊन उठाव आणायचा, खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख चढवायचा आणि शेवटी रंग भरून चेहरा पुरा करायचा. व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या काळात, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, ही कला भरभराटीला आली. पण तिचे विषय मोजके आहेत: लोणी खाणारा कृष्ण, रामाचा पट्टाभिषेक, गजलक्ष्मी. कृष्णाने कसं बसावं, मान किती कलती असावी, हे ठरलेलं असतं. एकाच आराखड्यावरून चित्रं पुन्हा पुन्हा काढली जातात. जुन्या चित्रांवर चित्रकाराची सहीसुद्धा सहसा नसते. माझ्या चित्रातला कृष्ण हाताने काढलेला असता, तरी त्याच्यासारखे आणखी शंभर कृष्ण असतेच. एकमेवपणा हे इथे कधी मूल्यच नव्हतं.

दुसरं उत्तर असं, की छाप ही मुळातच कमी दर्जाची गोष्ट आहे. तेही खरं नाही. रेम्ब्राँने तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेली चित्रं किंवा होकुसाईची लाकडी ठशांवरची चित्रं यांना वेगळं 'मूळ' नाहीच. पत्रा किंवा ठसा हे साधन आहे, कागदावरची छाप हेच चित्र. आपल्याकडे ज्यांना मुद्राचित्रं म्हणतात तीही अशीच. चित्रकार मोजक्या छापा काढतो आणि खाली पेन्सिलीने सही करून ३/५० असं लिहितो: पन्नासातली ही तिसरी. यात कुणीही कुणाला फसवत नाही. आजकाल तयार चित्राचा फोटो किंवा स्कॅन घेऊन इंकजेटने कॅनव्हासवर किंवा जाड कागदावर छापतात, त्याला जिक्ले म्हणतात. ती मुद्राचित्राहून वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे आधीच पुऱ्या झालेल्या चित्राचं प्रतिरूप असतं. पण तीही जिक्ले म्हणूनच विकली, तर तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला मूळ चित्र परवडत नाही, त्याला ते रोज पाहता यावं ही इच्छा चांगलीच आहे.

या इच्छेचा भारतातला सर्वांत मोठा प्रयोग मराठी वाचकाला माहीत आहे, मात्र त्याचा एक धागा तंजावरच्या मराठ्यांपर्यंत जातो हे सहसा सांगितलं जात नाही. राजा रविवर्म्याला आपल्या चित्रांचे ओलिओग्राफ काढण्याचा सल्ला सर टी. माधवरावांनी दिला होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले माधवराव १८२८ साली कुंभकोणमला एका तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. त्यांचं म्हणणं साधं होतं: तुमच्या चित्रांना मागणी फार आहे आणि हात दोनच, तेव्हा काही निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. पुढे रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती किती घरांत पोचल्या, याची मोजदाद नाही. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत ज्यांना जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याही घरच्या भिंतीवर देव आले. हे काम मूळ तैलचित्रांनी कधीच केलं नसतं. त्या छापांवर मग घरोघरच्या बायकांनी जर आणि टिकल्या शिवल्या, लक्ष्मीला खरीखुरी साडी नेसवली. छापाची एक प्रत दुसऱ्या प्रतीसारखी राहिली नाही.

वाल्टर बेंजामिनचा यंत्रयुगातल्या कलाकृतीवरचा निबंध १९३६ साली प्रसिद्ध झाला. मूळ कलाकृतीभोवती तिच्या स्थळाकाळाचं, तिच्या इथे-आत्ता असण्याचं एक वलय असतं आणि यांत्रिक प्रतींमुळे ते विरत जातं, असं त्यात म्हटलं आहे. वलयाचं मूळ त्याने पूजाविधीत पाहिलं. गंमत अशी, की आपल्याकडे नेमकी पूजा प्रतींवरही तितक्याच निष्ठेने चालते. कॅलेंडरवरच्या गणपतीला हार घालताना कुणाचा हात अडखळत नाही. वर्ष सरलं तरी ते कॅलेंडर रद्दीत टाकवत नाही, नदीत सोडावं लागतं. म्हणजे वलय प्रतीतून निघून जातं असंही नाही. माझ्या आईचा कृष्ण बारा वर्षं पूर्ण कृष्ण होता.

मग मूळ चित्राकडे असं काय असतं, जे छापाकडे असूच शकत नाही? याचं उत्तर मला तंजावरच्याच बृहदीश्वराच्या देवळात सापडतं.

राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. आपल्यातले बरेच जण तिथे जातात ते प्राकारातल्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरवलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहायला. पण गाभाऱ्याभोवती एक अंधारा, अरुंद प्रदक्षिणामार्ग आहे. त्याच्या भिंतींवर सतराव्या शतकातली नायक काळातली चित्रं होती. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी तिथे गेले, तेव्हा त्यांना जागोजागी पोपडे सुटलेल्या गिलाव्याच्या आत आणखी एक चित्र दिसलं. नायकांच्या रंगाखाली चोळांची, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं शाबूत होती: दक्षिणामूर्ती, सुंदरर या शिवभक्ताची कथा, त्रिपुरांतक शिव.

आता कल्पना करा, की १९३० साली कुणीतरी त्या भिंतीचा सर्वोत्तम फोटो काढला असता आणि तो अगदी रेषान् रेषा हुबेहूब छापला असता. त्या छापात नायकांचं चित्र पूर्ण आलं असतं. पण पोपडा कितीही खरवडला, तरी त्याखाली चोळ निघाले नसते. छापाखाली फक्त कागद असतो. छाप कितीही विश्वासू असली, तरी ती काढताना कॅमेऱ्याला जे दिसलं तेवढंच तिच्यात असतं. मूळ भिंतीत मात्र तिला अजून कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही असतात. रंग कुठल्या दगडाचा, चुन्यात काय मिसळलं होतं, चित्रकाराने आधी हात कुठे काढला आणि मग कुठे हलवला, खाली कोण आहे, हे पन्नास वर्षांनी कुणाला तरी विचारावंसं वाटेल. तेव्हा उत्तर देऊ शकेल ती फक्त भिंत.

याच भिंतीने आणखी एक अवघड प्रश्न उभा केला. चोळांची चित्रं पाहायची, तर वरची नायकांची चित्रं काढायला हवीत. आणि नायकांची चित्रंही मूळच होती, कुणाची नक्कल नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी वरचा थर काही ठिकाणी अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसवला. दोन्ही वाचवण्याचा हा प्रामाणिक मार्ग होता, तरी नायकांच्या चित्रांना आपली भिंत सोडावी लागलीच. मूळ वस्तूला इजा होऊ शकते, तिच्याबाबतीत निवड करावी लागते, चुकलं तर दुरुस्त होत नाही. छापाबाबत ही चिंता नसते. खराब झाली तर दुसरी काढता येते. आपल्यावर जबाबदारी टाकते ती मूळ वस्तू.

तो प्रदक्षिणामार्ग सर्वसामान्य प्रेक्षकाला खुला नाही. श्वासाची वाफ, हातांचा घाम आणि दिव्यांची काजळी यांनी ते रंग टिकणार नाहीत. मी तंजावरला गेले होते तेव्हा आवारातल्या संग्रहालयात त्या चित्रांचे फोटोच पाहिले. मला फसल्यासारखं वाटलं नाही. फोटोखाली फोटो असल्याचं लिहिलेलं होतं आणि ते फोटो होते म्हणूनच आत अंधारात मूळ चित्रं सुखरूप होती. इथे छाप मुळाची जागा बळकावत नव्हती, मुळाची राखण करत होती. त्याच दुपारी त्याच गावात मी तो बाळकृष्ण विकत घेतला, ही गोष्ट आता आठवते.

गावातल्याच सरस्वती महाल ग्रंथालयात हाच फरक वेगळ्या रूपात दिसतो. तिथे ताडपत्रांवरची आणि कागदावरची हजारो हस्तलिखितं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखानाही चालवला आणि इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर छापलं. पुस्तकाच्या छापील प्रतीला कुणी खोटी म्हणत नाही. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ साली मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो: कविता किंवा संगीतरचना जिथे अचूक उतरते तिथे ती खरीच असते, चित्राचं तसं नसतं. मुथुस्वामी दीक्षितरांची कृती आज गायली तरी ती नक्कल ठरत नाही. पण ज्या ग्रंथाची छापील आवृत्ती निघाली आहे, त्याचं हस्तलिखित पाहायलाही अभ्यासक तंजावरला येतातच. गोष्ट वाचायची तर छापील प्रत पुरते. समासात कुणी काय लिहिलं, कुठे खोडलं, शाई कुठे बदलली, हे विचारायचं तर ते पानच समोर लागतं. गुडमन आणखी एक गोष्ट सांगतो: दोन चित्रांतला फरक आज मला दिसत नाही, याचा अर्थ तो उद्याही दिसणार नाही असा नाही, फरक आहे हे कळलं, की तो शोधायला डोळा शिकतो. माझं तेच झालं. फ्रेमवाल्याने सांगितल्यावर आता भिंगाशिवायही कृष्णाचा गाल मला सपाट दिसतो.

प्रत कधी राखण करते आणि कधी चोरी लपवते, हे कुंभकोणमजवळच्या शिवपुरमच्या गोष्टीतून कळतं. तिथे १९५१ साली जमिनीखाली चोळकालीन कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांत एक नटराज होता. कांस्यमूर्ती मेणाच्या नमुन्यावरून ओततात: मेण वितळून जातं, मूर्ती बाहेर काढताना मातीचा साचा फोडावा लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकदाच होते. या मूर्ती देवळाकडे आल्या आणि पुढे डागडुजीसाठी एका स्थपतीकडे दिल्या गेल्या. परत आल्या त्या नव्याने केलेल्या प्रती. देवळात पूजा चालू राहिली. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटने १९६५ साली आपल्या पुस्तकात देवळातला नटराज ही प्रत असल्याचं छापून टाकलं, तेव्हा हे उघड झालं. मूळ मूर्ती हातोहात फिरत १९७३ साली अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन फाउंडेशनने विकत घेतली. भारत सरकारने दावा लावला, तडजोड झाली आणि १९८६ साली नटराज भारतात परत आला.

त्या मधल्या वर्षांत शिवपुरमच्या भक्तांची प्रार्थना खोटी होती का? मला तसं म्हणवत नाही. त्यांनी खऱ्या मनाने हात जोडले होते. प्रत घडवणाऱ्याचं कौशल्यही खोटं नव्हतं. प्रत इतकी चांगली होती, म्हणूनच चोरी पचली. खोटी होती ती फक्त एक गोष्ट: 'ही तीच आहे' हे न उच्चारलेलं वाक्य.

आपल्या भाषेने हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांच्या प्रतीवर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असं लिहिलेलं असे. मूळ कागदाप्रमाणे केलेली प्रत, असं ती स्वतःच सांगे. कचेरीत आजही सात-बाराची नक्कल मागताना कुणाला संकोच वाटत नाही. पण त्याच शब्दापासून झालेला 'नकली' हा शब्द मात्र शिवीसारखा वापरतो. नक्कल आणि नकली यांत कारागिरीचा फरक नाही, कधीकधी नकली वस्तू नकलेपेक्षा सरस असते. नक्कल आपण कोण ते सांगते, नकली ते लपवते, एवढाच फरक. आणि या लपवण्यात आजच्या गिऱ्हाइकाचं नुकसान होतं, तसं उद्या ती वस्तू हातात घेऊन तिला काही विचारू पाहणाऱ्याचंही होतं. त्याला चुकीची साक्ष मिळते.

अखेर मी आईला सांगितलं. चित्र परत भिंतीवर लावण्याआधी टेबलावर ठेवलं होतं. मी म्हणाले, "आई, हा कृष्ण हाताने काढलेला नाही गं. छापलाय. वर्ख तेवढा हाताचा."

तिने चष्मा लावून पाहिलं. तिला ठिपके दिसले नसावेत. "बरं," ती म्हणाली, "मग आता त्याला फूल वाहायचं नाही का?"

"तसं नाही."

"मग झालं तर." थोडा वेळ ती चित्राकडे पाहत राहिली. मग विचारलं, "पण मूळ कोणी काढला होता?"

मला हा प्रश्न सुचला नव्हता. इतके दिवस मी माझ्या नुकसानीचा विचार करत होते. छापायला आधी कुठलं तरी चित्र लागतं. तंजावरच्या कुठल्या तरी गल्लीत कुणीतरी तो गाल खरोखर रंगवला होता, निळ्यावर गुलाबी छटा चढवताना श्वास रोखला होता. त्याचं चित्र कुणीतरी स्कॅन केलं आणि तो चेहरा किती चौकटींत विकला, याचा त्याला पत्ताही नसेल. तंजावरच्या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. नाव गावाला मिळालं. पण छापील चेहऱ्यावर खडे चिकटवून 'हातकाम' म्हणून विकलं, की त्याच गावात बसून महिना महिना एक चित्र करणाऱ्याला किंमत सांगण्याची सोय उरत नाही. पैसे माझे गेले, पण त्याच्या कामाचं मोलही गेलं.

आईने विचारलेल्याचं उत्तर मला चित्रातून मिळणार नव्हतं. छाप ते सांगू शकत नाही. मूळ चित्र कदाचित सांगू शकलं असतं.

फ्रेम पुन्हा बंद करण्याआधी मी प्लायवूडच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलं: छापील चित्र. वर्ख आणि खडे हाताने बसवलेले. तंजावर येथे घेतले. मूळ चित्रकार माहीत नाही. खाली खरेदीचं साल आणि दुरुस्तीचं साल घातलं. आईने वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं. मग ती म्हणाली, "बारा वर्षं पूजेत आहे, तेही लिही." तेही लिहिलं.